वन्संची हॉकी

माझ्या नणंदेइतकं दुसऱ्यांच्या पायांकडे लक्ष असलेली बाई सबंध पालघर जिल्ह्यात सापडणार नाही. माणूस भेटला की आपण त्याचा चेहरा बघतो. वन्सं आधी पाय बघतात. भार कुठल्या पावलावर आहे, टाचा टेकल्या आहेत की जरा उचललेल्या आहेत, वळताना आधी खांदा वळतो की गुडघा, हे सगळं बघून झालं की मग त्यांची नजर सावकाश वर येते आणि त्या विचारतात, "हं, नाव काय म्हणालात?" मला बघायला ही मंडळी आमच्या घरी आली होती तेव्हा मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर ही थोरली नणंद माझ्या पावलांवर नजर रोखून बसलेली. पैंजणात काही अडकलंय की काय, या काळजीने मी पुढचा अर्धा तास पाय साडीत ओढून बसले. घरी गेल्यावर त्यांनी आपलं मत दिलं ते असं: "मुलगी चांगली आहे. भरला ट्रे घेऊन उंबरा ओलांडला, पण खाली बघितलं नाही." माझं शिक्षण, माझा आवाज, आईने मुद्दाम टेबलावर मांडून ठेवलेलं माझं भरतकाम, यांपैकी कशाचाही त्या मतात उल्लेख नव्हता.

त्या एका व्यावसायिक हॉकी संघाच्या जनरल मॅनेजर होत्या. हे आमच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत नीट समजलं नाही. कुणाला वाटे त्या खेळतात, कुणाला वाटे शिट्टी वाजवतात. माझ्या मामांना तर वाटे की हॉकीच्या मैदानाचं तिकीट त्यांच्याकडे फुकट मिळतं, आणि त्यांनी ते कधी मागितलं नाही हे मामांचे उपकार. खरं काम असं, की संघात कोण घ्यायचा, कुणाला सोडायचं, कुणाला किती द्यायचं, परदेशातून कोण आणायचा, आणि आणलेल्याला इथलं जेवण सोसत नसेल तर त्याचं काय करायचं, हे सगळं त्या ठरवत. स्वतः कॉलेजात खेळल्या होत्या. "बरी खेळायचे," असं म्हणत, आणि जरा थांबून प्रामाणिकपणे म्हणत, "म्हणजे फारशी बरी नाही." लग्न केलं नाही. ऑफिस मुंबईत, पण सासूबाई आमच्याकडे बोईसरला, आणि माझे यजमान इथल्या औषधाच्या कारखान्यात, म्हणून हंगाम संपला की वन्सं बॅग उचलून आमच्याकडे येत. बॅग छोटी असे. गाडीची डिकी मात्र हॉकी स्टिकांनी भरलेली, आणि त्यांच्यावर पसरलेला सासूबाईंसाठी आणलेला खाऊ.

मला त्यांच्याविषयी पहिल्या दिवसापासून कुतूहल होतं, आणि त्यांना माझ्यासकट सगळ्या जगाविषयी. प्रश्न विचारण्याचा त्यांना संकोच म्हणून नव्हता. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस पाना ठेवून त्यांना आपल्या लहानपणीच्या कबड्डीची हकीकत सांगत बसे आणि इकडे स्वयंपाकघरात पाणी साचे. सोसायटीचा वॉचमन उत्तर प्रदेशातला. त्याला त्यांनी एका सकाळी विचारलं, "भैया, बचपन में पत्थर कौनसे हाथ से मारते थे?" तो बिचारा दचकला. कुणाच्या काचेची तक्रार इतक्या वर्षांनी आली असं त्याला वाटलं असावं. तो म्हणाला, "मैडम, हमने नहीं मारा." त्यावर वन्सं माझ्याकडे वळून म्हणाल्या, "डावखुरा आहे. उत्तर देताना डावा हात मागे लपवला."

आमच्या स्वयंपाकघरात बसून वाल सोलता सोलता त्या फोनवर बोलत ते ऐकण्यासारखं असे. भिजवलेल्या वालाची साल बोटाने उडवायची, आणि तेवढ्यात कुणा खेळाडूच्या प्रतिनिधीला इंग्रजीत इतक्या गोड आवाजात नाही म्हणायचं, की त्याला तो होकार वाटून त्याने आभार मानावेत. एकदा असंच झालं. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत कळेल त्याला." आणि बिरड्यात गूळ जास्त घाल, असं त्याच आवाजात मला सांगितलं.

अशा बाईची गाठ एका वर्षी, पाऊस ओसरता ओसरता, मनोरच्या बाजारात वनिताशी पडली. आम्ही भाजी घेत होतो. उताराच्या रस्त्यावर एका टेम्पोतून लिंबांचं पोतं सुटलं आणि लिंबं गडगडत खाली निघाली. सगळा बाजार त्यांच्यामागे धावला. मीही धावले, कारण लिंबं महाग होती. वन्सं जागच्या हलल्या नाहीत. त्या उताराच्या टोकाकडे बघत होत्या. तिथे दहा-बारा वर्षांची एक मुलगी, कडेवर धाकटा भाऊ, अनवाणी उभी होती आणि येणारं लिंबू पायाने अडवून बाजूच्या गवतात सारत होती. डावीकडून आलं तर डाव्या पायाने, उजवीकडून आलं तर उजव्या. कडेवरचं पोर जरासुद्धा हिंदकळत नव्हतं. "मंगल," वन्सं माझा दंड धरून म्हणाल्या, "आपण सगळे लिंबांमागे धावलो. ती लिंबं जिथे येणार तिथे जाऊन उभी राहिली." असं म्हणून त्या भाजीची पिशवी माझ्या गळ्यात टाकून उतारावरून चालू लागल्या.

वनिता बेटेगावच्या बाजूच्या एका पाड्यावरची. पुढच्या रविवारी वन्संची गाडी त्या पाड्यावर. शाळेमागे मोकळा माळ होता. तिथे त्यांनी डिकी उघडली आणि स्टिका काढून जमिनीवर मांडल्या. मुलं आली ती आधी लांब उभी राहिली. एकाने विचारलं, "ही काठी कशाला वाकरी हाय?" वन्संना हा प्रश्न इतका आवडला की त्यांनी त्याचं उत्तर दिलंच नाही. "तूच खेळून बघ आणि मला सांग," म्हणाल्या. महिन्याभरात त्या माळावर पाड्यावरची मुलं, बोईसरच्या चाळींतली बिहारी आणि मराठवाड्याकडची मुलं, आणि चिंचणीहून मासळीच्या टेम्पोत बसून येणारी कोळ्यांची पोरं, अशी सगळी सरमिसळ धावू लागली. मी सरबताची कळशी घेऊन जाऊ लागले. मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. पण रविवारी सकाळी घरात बसवेना, हे खरं.

संघाच्या मालकांच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हा त्यांना ती फार आवडली. त्यांनी ऑफिसातून दोन माणसं, एक फोटोग्राफर, एक नावाजलेला पंजाबी बचावपटू आणि एक भलामोठा रंगीत फलक पाठवून दिला. फलकावर समाजाविषयी काहीतरी थोर लिहिलेलं होतं. वन्संनी तो उलगडला, कापडाचा पोत बोटांनी चाचपून बघितला आणि आंब्याखाली पसरून सगळ्या मुलांना त्यावर वडापाव खायला बसवलं. बचावपटूला म्हणाल्या, "जूते उतारो, और खेलो." तो सहा फुटी गडी माळावरच्या बोचऱ्या खड्यांवरून अनवाणी उड्या मारत होता आणि पोरं त्याच्या दोन्ही बाजूंनी चेंडू काढून नेत होती. शेवटी तो गवतात बसून पोट धरून हसला. फोटोग्राफरने काढलेल्या सगळ्या फोटोंत फलकाची मागची बाजू आली, म्हणून मालक थोडे नाराज झाले. तो खेळाडू मात्र पुढे दोनदा आपणहून आला.

खरी अडचण दिवाळीनंतर उभी राहिली. भात कापून झाला की पाड्यावरची निम्मी घरं वाडा तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर कामाला जातात, ती पावसाच्या तोंडावरच परततात. वनिताचं घर त्यांतलंच. आई-बाप विटा पाडणार आणि धाकल्याला वनिता सांभाळणार. वन्संना हे कळलं त्या संध्याकाळी त्या मला घेऊन वनिताच्या घरी गेल्या. कुडाचं, नीट सारवलेलं घर. वनिताच्या आईने आम्हाला कोरा चहा दिला आणि समोर भाताच्या कणगीला टेकून बसली. वन्संनी आपल्या नेहमीच्या गोड आवाजात सुरुवात केली. मुंबईला मुलींचं वसतिगृह आहे. शाळा आहे. जेवण, कपडे, बूट, सगळं संघाकडून. ती बाई ऐकत राहिली. पाड्यावर अहोजाहो नाही, सगळ्यांना सरसकट तू म्हणतात, त्यामुळे ती म्हणाली, "तू तिला नेलीस तं धाकल्याला कोन बगल?"

वन्सं म्हणाल्या, त्याचीही काहीतरी सोय करू.

"तुजी पोरां हायेत?"

"नाहीत."

"मंग तुला कसा कलल." हे ती रागाने म्हणाली नाही. एखाद्याला रस्ता माहीत नसावा आणि आपण ते समजून घ्यावं, तशी म्हणाली. "पोर माजेजवल ऱ्हाल. नाय धाडनार."

परत येताना वन्संनी रस्त्यातला एकही खड्डा चुकवला नाही. मला वाटलं त्या दुखावल्या. बोईसरच्या फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, "बरोबर बोलली ती. मी तिला काय देणार ते सांगत बसले. तिला काय हवंय ते विचारलंच नाही." मग फाटक उघडल्यावर गाडी सुरू करता करता, "मंगल, वीटभट्टी तू कधी आतून बघितली आहेस का गं?"

मी बघितली नव्हती. पण पुढच्या महिन्यात बघितली. वन्संनी भट्टीच्या शेठला गाठून आठवड्यातली एक सकाळ मागून घेतली होती, आणि नेमकी पहिलीच सकाळ त्यांच्या संघाच्या खेळाडू-लिलावाची निघाली. लिलाव दिल्लीत. तिथे टेबलाशी बसायचं सोडून या बाईने आपला मदतनीस पाठवला आणि आपण कच्च्या विटांच्या थप्पीवर बसून कानाला फोन लावला. एका हाताने पोरांना उभं कसं राहायचं ते दाखवत होत्या आणि तोंडाने दिल्लीत आकडे वाढवत होत्या. मधेच पलीकडून कुणीतरी विचारलं, मागे कोंबडा ओरडतोय तो कुठला. वन्सं म्हणाल्या, "आमच्या नव्या सराव केंद्रातला." हॉलंडचा एक गोलरक्षक त्यांनी त्या सकाळी त्या थप्पीवर बसून विकत घेतला. त्याला हे कधी कळलं नाही.

विटा वाळवायची जागा म्हणजे सारवलेली, सपाट, घासून काढल्यासारखी. वन्संच्या मते जिल्ह्यातलं सगळ्यात चांगलं मैदान. तिथे मुलं खेळू लागली खरी, पण वनिताचं लक्ष लागेना. चेंडू समोर आणि डोळे बाजूला बसलेल्या धाकल्याकडे. वन्सं थोडा वेळ बघत राहिल्या. मग उठून त्यांनी त्या पोराला उचललं आणि वनिताच्या मागे, दोन बाजूंना विटा रचून केलेल्या गोलाच्या आत नेऊन बसवलं. चेंडू हलका, कापडाचा होता. लागला असता तरी काही झालं नसतं. पण त्यानंतर त्या सकाळी एकही चेंडू वनिताला ओलांडून गेला नाही. ती पडली, सरपटली, एकदा तर चेंडू कपाळावर घेतला. धाकला मागे बसून टाळ्या पिटत होता. साचा हातात धरून वनिताची आई हे बघत उभी होती, आणि ती हसली. मी तिला प्रथमच हसताना बघितलं.

तेवढ्यात चेंडूमागे धावलेलं एक पोर ओल्या विटांच्या रांगेत घुसलं आणि बऱ्याच विटा दबल्या. शेठ ओरडत आला. वन्संनी त्याची माफी मागितली, साडीचा पदर खोचला आणि वनिताच्या आईशेजारी चिखलात बसून विटा पाडायला घेतल्या. त्यांची एकही वीट सरळ निघेना. कडा ढासळत, मधे पोकळी राही. ती बाई त्यांची वीट बघे, मोडून चिखलात टाके आणि पुन्हा साचा त्यांच्यापुढे सरकवी. मी लांब उभी राहून बघत होते. दोघी बोलत होत्या. काय बोलल्या ते मी गाडीत विचारलं. वन्सं नखांतला चिखल काढत म्हणाल्या, "मी फक्त विचारत होते. ती लहानपणी काय खेळायची वगैरे."

पावसाळ्यापूर्वी संघाच्या मुलींच्या कुमार गटाची निवड होती. या वेळी वनिताच्या आईने आपणहून तिला पाठवलं. मी, वनिता आणि वन्सं मुंबईला गेलो. मैदानाच्या फाटकाशी वन्सं थांबल्या. म्हणाल्या, मी ओळखते तिला, तेव्हा मी आत यायचं नाही. सबंध दुपार त्या बाहेर गाडीत बसून राहिल्या. वनिताची निवड झाली नाही. बुटांची सवय नव्हती, हिरव्या टर्फवर चेंडू तिला फार वेगाने आला, आणि समोरच्या मुली वर्षानुवर्षं खेळलेल्या होत्या. परत येताना ती मागच्या सीटवर खिडकीला डोकं लावून झोपली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "वन्सं, तुमच्या एका शब्दाचं काम होतं."

"हो ना," त्या म्हणाल्या. "म्हणूनच बोलले नाही. बोलले असते तर ती आत गेली असती, आणि तिथली प्रत्येक मुलगी तिला रोज त्याची आठवण करून देत राहिली असती." त्यानंतर त्यांचा आवाज जरा बदलला. "वाईट मलाही वाटलं, मंगल. ते तू मला सांगायला नको."

त्या वर्षी वनिता बूट घालून माळावर खेळली, बूट घालून गुरं चारली आणि मला वाटतं झोपलीही बूट घालूनच. पुढच्या निवडीत ती आत गेली. वसतिगृहात सोडायच्या आधी तिची आई पुन्हा कणगीला टेकून बसली, पण धाकला आता आपल्या पायांनी हिंडू लागला होता आणि या वेळी प्रश्न तिचे होते. जेवाय काय देतेस. सणाला घरा धाडशील का. शेवटी विचारलं, "ताप आला तं हिच्या उशाशी कोन बसल?"

वन्सं म्हणाल्या, "मी."

असं आपण सगळेच म्हणतो. पण त्या हंगामात वनिताला खरोखर ताप भरला आणि तो नेमका संघाच्या मोठ्या सामन्याच्या दिवशी. वन्सं संघाच्या बसमधून उतरल्या, रिक्षा केली आणि दवाखान्यात तिच्या उशाशी जाऊन बसल्या. वनिताची आई दुसऱ्या दिवशी पोहोचली तेव्हा त्या तशाच तिथे होत्या. तिने आधी वनिताच्या कपाळाला हात लावून बघितला. पिशवीतून नाचणीची भाकर काढली, अर्धी मोडून वन्संच्या हातात दिली आणि म्हणाली, "तू आता नीज." वन्सं मला सांगत होत्या, त्या पलंगाखालच्या चटईवर ज्या झोपल्या त्या संध्याकाळीच उठल्या. सामना संघाने त्यांच्याशिवाय जिंकला. "माझी किती गरज आहे ते मालकांना त्या दिवशी समजलं," असं त्या हसून सांगत. मालकांना मात्र ती गोष्ट हसण्यासारखी वाटली नव्हती, असं मला माझ्या यजमानांकडून कळलं.

पुढे मालकांनी संघच विकला. नवे मालक पूर्वेकडचे. संघाचं ठाणं पार तिकडे, रेल्वेने दीड दिवसाच्या अंतरावर गेलं. वन्संना त्यांनी बोलावलं आणि वन्सं गेल्या. मला वाटत होतं त्या नाही म्हणतील, इथेच राहतील, माळावर काहीतरी करतील. मी तसं बोललेही. त्या बॅग भरत होत्या. म्हणाल्या, "माझं काम आहे ते, मंगल. मला येतं ते एवढंच येतं." वनिताच्या पाड्यावर निरोप घ्यायला गेल्या तेव्हा त्या दोघी अंगणात बराच वेळ बसल्या होत्या. या वेळी मी जवळ गेले नाही आणि नंतर काही विचारलंही नाही. स्टिका शाळेत ठेवल्या. शाळेतले एक तरुण गुरुजी आता रविवार बघतात. वनिता मुंबईच्या वसतिगृहातच राहिली, आता ती राज्याच्या संघात राखीव आहे, आणि तिच्या बोलण्यात आता इतकी हिंदी आली आहे की तिची आई तिला चिडवते.

सासूबाई गेल्यापासून वन्संचं बोईसरला येणं कमी झालं. पण रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की त्या म्हणतात, "चल, जरा धर बघू." मी तोपर्यंत माळावर पोहोचलेली असते. मी फोन मैदानाकडे करून हात लांब धरते आणि तशीच उभी राहते. काठीवर काठी आपटते, पोरं ओरडतात, कुणीतरी पडतं, गुरुजींची शिट्टी वाजते. तिकडे त्या ऐकत असतात. माझा हात भरून येतो, मी तो बदलते, पुन्हा धरते. बाजूने जाणाऱ्या बायकांना मी काय करते आहे ते कळत नाही आणि मलाही सांगता येत नाही.

परवा असाच हात भरून आला म्हणून मी फोन कानाला लावला, तर त्या वाटच बघत होत्या. "मंगल, कुणीतरी सारखं 'माजेकडं दे, माजेकडं दे' म्हणतंय. तो आवाज मी पूर्वी ऐकलेला नाही. नवीन आहे का?"

मी बघितलं. खरंच एक नवी मुलगी होती, हातात तिच्याहून उंच काठी.

"हो, नवीन आहे," मी म्हटलं. "थांबा वन्सं, विचारून येते." आणि फोन तसाच चालू ठेवून मी माळावरून तिच्याकडे चालू लागले.